पडून राहिलेला मिनी ट्रॅक्टर घरी उभा करताना: आधी काय, नंतर काय

निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडच्या मळ्यांत शेडच्या मागे किंवा चिंचेखाली एखादा छोटा ट्रॅक्टर हमखास उभा दिसतो. टायर बसलेले, बोनेटवर कोंबड्या, सीटचा स्पंज उंदरांनी पळवलेला. मालकाने नवा घेतला आणि जुना राहिला तसाच. दोन-तीन एकर बाग किंवा शहरालगत छोटा मळा असेल तर असा ट्रॅक्टर घेऊन घरीच दुरुस्त करणं परवडतं, फक्त कामाचा क्रम सांभाळावा लागतो. बहुतेक जण घरी आणल्या संध्याकाळीच बॅटरी जोडून सेल्फ मारतात. ते सोडून बाकी काहीही आधी केलं तरी चालेल.

हा लेख पान्हा-पक्कड धरता येणाऱ्या, पण ट्रॅक्टर कधी उघडून न पाहिलेल्या माणसासाठी आहे. आपल्याकडे द्राक्षाच्या नऊ-दहा फुटांच्या ओळींत फिरणारे ट्रॅक्टर मोजकेच: महिंद्रा युवराज २१५ (१५ एचपी, एक सिलिंडर), व्हीएसटी शक्तीचा एमटी १८० डी (साडेअठरा एचपी, तीन सिलिंडर), कुबोटाचा निओस्टार बी २४४१ (२४ एचपी, फोर व्हील) आणि त्यांच्या जातीचे आणखी काही. सगळे डिझेलचे, पाण्यावर थंड होणारे. त्यामुळे खाली सांगितलेलं थोड्याफार फरकाने सगळ्यांना लागू पडतं.

घेण्याआधी

बागेतल्या ट्रॅक्टरचं मीटर बघून किंमत ठरवू नका. मीटर बंद पडलेलं असतं, नाहीतर केबल तुटलेली. त्यापेक्षा क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर किती झिजलंय ते बघा. मागच्या लिंकेजच्या, म्हणजे अवजार जोडायच्या दांड्यांच्या, पिनांची भोकं अजून गोल आहेत की लांबुळकी झालीत ते बघा. भोकं लांबुळकी म्हणजे भरपूर काम झालंय, मालक काहीही सांगो.

दुसरी गोष्ट, या ट्रॅक्टरने नांगरट फारशी केलेली नसते. त्याचं आयुष्य ब्लोअर, म्हणजे औषध फवारायचं पंख्याचं यंत्र, ओढण्यात गेलेलं असतं. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्यांचा सपाटा सुरू होतो. तासन्‌तास पीटीओ (मागचं यंत्र फिरवणारा शाफ्ट) चालू, वेग गोगलगायीचा, आणि ओळीच्या टोकाला दर वेळी अर्ध्या क्लचवर वळण. म्हणून इंजिन ठीक असलं तरी क्लच, पीटीओचं सील, रेडिएटर आणि पत्रा हे चार भाग आधी जातात. पत्र्याचं कारण थोडं वेगळं आहे. बोर्डो म्हणजे मोरचूद-चुन्याचं फवारणीचं मिश्रण. त्यातला मोरचूद उघड्या लोखंडावर बसला की तांबं लोखंडावर चढतं आणि तेवढं लोखंड विरघळून जातं. म्हणून तर बोर्डो लोखंडी टाकीत करायचं नसतं. ब्लोअरची टाकी गळत असेल तर मागचे मडगार्ड, फुटबोर्ड आणि लिंकेजचे बोल्ट आतून खाल्लेले असतात. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा. पत्रा दबला तर ठीक, आरपार गेला तर भाव पाडून मागा.

आता डिपस्टिक काढा. ऑइल काळं असेल तर काही बिघडत नाही, डिझेल इंजिनचं काळंच असतं. दुधाच्या चहासारखा रंग असेल तर ऑइलमध्ये पाणी गेलंय, म्हणजे हेड गॅसकेट, लायनरचा ओ-रिंग किंवा हेड-ब्लॉकची चीर, यापैकी काहीतरी. पातळी खुणेच्या वर असेल आणि वास डिझेलचा येत असेल तर पंप किंवा नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) आत डिझेल सोडतंय. शंका वाटली तर पत्र्याचा तुकडा तापवून त्यावर ऑइलचा एक थेंब टाका. तडतडला तर पाणी आहे. (घरातला तवा वापरू नका, परत मिळणार नाही.)

कागदपत्रांना कंटाळू नका. आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर ट्रॅक्टरवरच्या नंबरशी स्वतः ताडून बघा. बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा आहे का ते एमपरिवहन अ‍ॅपवर दिसतं. असेल तर त्यांची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मालकी बदलाला फॉर्म २९ आणि ३० लागतात. ट्रॅक्टर एमएच १५ म्हणजे नाशिकचाच असेल तर काम सोपं. एमएच ४१ मालेगावचा किंवा दुसऱ्या जिल्ह्याचा असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते का ते आधी विचारून घ्या. नोंदणीला १५ वर्षं होऊन गेली असतील तर फॉर्म २५ भरून नूतनीकरण आलं. अनुदानावर घेतलेला ट्रॅक्टर असेल तर विक्रीची मुदत आणि अटी मालकाला स्पष्ट विचारा.

सौद्याला बसण्याआधी तीन गोष्टींचा भाव बाजारात विचारून ठेवा: चार टायर, पंप-नोझलचं काम आणि क्लच प्लेट-प्रेशर प्लेट. हे तीन आकडे खिशात असले की मालकाच्या ‘थोडंसंच काम आहे’ या वाक्याची किंमत कळते. गिअरबॉक्सच्या बॉडीला वेल्डिंग केलेलं असेल, ब्लॉकला चीर असेल किंवा चेसिस नंबर घासलेला असेल, तर स्वस्त मिळतोय म्हणूनही घेऊ नका.

धुणं

पहिला दिवस फक्त धुण्याचा. त्या ट्रॅक्टरवर अनेक हंगामांची औषधं बसलेली आहेत, म्हणून हातमोजे आणि मास्क लावा आणि सांडपाणी विहिरीकडे किंवा गुरांच्या हौदाकडे जाऊ देऊ नका. आधी साबणपाणी, मग ग्रीस जिथे थापलंय तिथे डिझेलचा ब्रश. पुष्कळ जण उलटं करतात आणि डिझेलमुळे औषधाची पूड चिखल होऊन अजून चिकटते. प्रेशर पंप वापरणार असाल तर अल्टरनेटर, सेल्फ आणि एअर क्लीनरचं तोंड प्लास्टिकने बांधून घ्या.

रेडिएटरवर मात्र प्रेशर पंप चालवायचा नाही, पातळ पट्ट्या लगेच वाकतात. बोनेट उघडून समोरून बघितलं तर जाळीवर धूळ, पानांचा चुरा आणि निळसर-पांढऱ्या औषधाचा थर मिळून जवळपास गिलावा झालेला असतो. साधा पाइप घेऊन पाणी इंजिनच्या बाजूने समोर सोडा, म्हणजे घाण आली त्याच वाटेने बाहेर पडते. थर फुगायला वेळ द्या, पुन्हा पाणी मारा. पलीकडून उजेड दिसेपर्यंत हे करत राहायचं. बागेतले ट्रॅक्टर तापण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे आणि ते काढायला पैसा लागत नाही.

धुताना एअर क्लीनर उघडा. उंदराचं घरटं सापडण्याची शक्यता बरीच. वायरिंग कुठे कुरतडलंय तेही याच वेळी दिसतं. फोटो काढून ठेवा, जोडताना तेच कामी येतात.

इंजिन हाताने फिरतं का?

सेल्फ मारण्याआधी हे बघायचंच. पिस्टन लायनरमध्ये गंजून धरला असेल किंवा सिलिंडरमध्ये पाणी साचलं असेल, आणि वरून सेल्फने जोर लावला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मग घरची दुरुस्ती संपली आणि मोठ्या मिस्त्रीची सुरू झाली.

नोझलच्या भोवतालची माती ब्रशने आणि हवेने साफ करा, मगच नोझल काढा. एक खडा आत पडला तरी काम वाढतं. पंपाच्या आणि पाइपांच्या उघड्या तोंडांवर लगेच स्वच्छ प्लास्टिक बांधा. आता नोझलच्या भोकातून दोन-तीन चमचे इंजिन ऑइल आत सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी गिअर न्यूट्रल करून क्रँकच्या पुलीच्या नटाला लांब पान्हा लावा आणि फॅन ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने हळूहळू फिरवा. नोझल काढलेलं असल्याने कॉम्प्रेशन नाही, म्हणून हाताने फिरायला हवं. अडलं तर पान्ह्याला पाइप घालून लटकू नका. ऑइल पुन्हा सोडा, आणखी एक-दोन दिवस थांबा, मागेपुढे थोडं थोडं हलवत राहा. तरीही हलत नसेल तर हेड उघडावं लागेल आणि ते काम शिकाऊने एकट्याने करू नये.

नोझल हातात आलंच आहे तर ते पंप-नोझलवाल्याकडे तपासायला द्या. परत बसवताना तांब्याचा वॉशर नवा टाका, जुना दुसऱ्यांदा नीट बसत नाही. नोझलचा फवारा घरी हात धरून तपासण्याचा प्रकार पाहिला असेल, तो अजिबात करू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं आणि ती जखम दिसते त्यापेक्षा कितीतरी वाईट असते.

डिझेल आणि हवा

टाकीतलं जुनं डिझेल सगळं काढा. बरणीत थोडा वेळ ठेवलं की तळाला पाणी आणि काळा गाळ वेगळा दिसेल. टाकी उतरवून स्वच्छ डिझेलने विसळा, टाकीची जाळी आणि रबरी पाइप बघा. पाइप दाबल्यावर चिरा दिसल्या तर बदला, कारण तिथून डिझेल गळायच्या आधी हवा ओढली जाते. डिझेल फिल्टर नवा टाका, आणि फिल्टर व ऑइल सील या दोन बाबतींत कंपनीचाच माल घ्या. पत्रा, लाइट, सीट हे बाजारचं चालतं.

यानंतर ‘एअर काढणं’, म्हणजे डिझेलच्या वाटेत अडकलेली हवा बाहेर घालवणं. नवख्यांची बॅटरी इथेच संपते. टाकी भरा, फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करा आणि फीड पंपावरचा हँड प्रायमर असेल तर तो मारा, नसेल तर टाकीच्या उंचीवर उतरू द्या. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार आली की स्क्रू घट्ट. मग हेच इंजेक्शन पंपाच्या स्क्रूवर. शेवटी नोझलकडचे नट अर्धा-पाऊण आटा सैल ठेवायचे आणि पहिल्या सेल्फच्या वेळी तिथून डिझेल डोकावलं की आवळायचे. तोंड आणि हात लांब ठेवा, हातात जाड कापड असू द्या.

पाणी, ऑइल, बॅटरी

हे पटकन होतं. रेडिएटरमधलं पाणी काढून आतून धुवा आणि कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. बोअरचं पाणी ओतलं की आत क्षार धरतात. आणि निफाडला थंडीच्या लाटेत पारा पाच अंशांच्या खाली जातो, तेव्हाही कूलंटच उपयोगी. होज पाइप आणि फॅन बेल्ट चिरलेले असतील तर विचार न करता बदला.

इंजिन ऑइल बहुधा १५डब्ल्यू-४० लागतं, फिल्टरसकट नवं. मागचं ऑइल बदलताना मात्र मॅन्युअल किंवा डीलरचा काउंटर विचारा. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, हायड्रॉलिक आणि ऑइलमधले ब्रेक एकाच ऑइलवर चालतात, तिथे साधं गिअर ऑइल ओतलं तर ब्रेक ओरडतात किंवा धरत नाहीत.

पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना १० च्या बरीच खाली गेली तर बॅटरी बाद धरा. टर्मिनलवरचा क्षार गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा. इंजिन आणि चेसिस जोडणारी अर्थिंगची पट्टी सोडून, घासून, परत आवळा. ‘सेल्फ गेलाय’ असं वाटणारी निम्मी प्रकरणं माझ्या मते या पट्टीपाशीच मिटतात.

पहिला स्टार्ट

उघड्यावर करा, बंद शेडमध्ये धूर जीवघेणा ठरतो. सोबत एक माणूस हवाच. गिअर न्यूट्रल, पीटीओ बंद, चाकांना दगड.

सगळ्यात आधी इंजिन बंद करायची नॉब तपासा. ती ओढल्यावर पंपावरचा लिव्हर खरोखर हलतो का, ते डोळ्यांनी बघा. उभ्या ट्रॅक्टरच्या पंपातला रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी, अडकलेला असू शकतो. तसं झालं तर इंजिन सुरू होताच आपोआप रेस होत जातं आणि चावी काढून थांबत नाही. अशा वेळी हवा बंद करणं हाच उपाय. एअर क्लीनरचा पाइप मोकळा ठेवून शेजारी एक जाड, सपाट फळी ठेवा आणि वेळ आली तर ती तोंडावर दाबून धरा. हाताचा पंजा कधीही लावू नका.

आता नॉब ओढलेली ठेवूनच दहा सेकंद सेल्फ मारा. इंजिन सुरू होणार नाही, पण ऑइल पंपाने वर चढतं. ऑइलचा दिवा विझेपर्यंत, मध्ये अर्धा-एक मिनिट विश्रांती देत, असं करा. मग नॉब आत ढकलून खरा सेल्फ, नोझलकडचे सैल नट याच वेळी आवळायचे. दहा सेकंदांत झालं नाही तर थांबा. पेट्रोलचा बोळा एअर क्लीनरला लावणारे मिस्त्री गावोगाव आहेत. त्यांना चहा पाजा, पण बोळा लावू देऊ नका. डिझेल इंजिनला तो झटका रिंगांवर आणि पिस्टनवर बसतो.

सुरू झालं की काही सेकंदांत ऑइलचा दिवा विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद. दिवा विझला असेल तर रेस न वाढवता पंधरा मिनिटं चालू द्या आणि धूर बघा. सुरुवातीचा पांढरा धूर गरम झाल्यावर जायला हवा. जात नसेल आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल तर हेड गॅसकेटकडे बोट जातं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. ओतलेलं ऑइल जळेपर्यंत तो थोडा वेळ दिसणारच. काळा धूर बिनलोडचा असेल तर हवा कमी पडतेय किंवा नोझल ठिबकतंय.

क्लच, ब्रेक, स्टिअरिंग

पेडल दाबलं तरी गिअर करकरतो, म्हणजे क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली. पेडल पूर्ण दाबून लाकडाच्या दांड्याने अडकवा, इंजिन गरम करा आणि बंद करून रात्रभर तसंच ठेवा. पुष्कळदा तेवढ्याने सुटते. नाही सुटली तर इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावे लागतात, ते गॅरेजमध्येच करून घ्या. घोडी, चेन ब्लॉक आणि अनुभव या तिन्ही गोष्टी घरी नसतात.

पुढची चाकं उचलताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, खाली लाकडी ठोकळे द्या. चाक वर-खाली आणि डावं-उजवं हलवून बघा. वर-खाली हललं तर किंग पिनचा बुश किंवा बेअरिंग, डावं-उजवं हललं तर टाय रॉड एंड. इथे नाशिकला राहण्याचा फायदा आहे: बुश किंवा पिन बाजारात मिळाली नाही तर सातपूर-अंबडकडच्या लेथवर मापाने करून मिळते. बेअरिंग आणि सील काढल्यावर त्यावरचे नंबर लिहून घ्या. ६२०५ म्हणजे आतून २५, बाहेरून ५२ आणि जाडी १५ मिलिमीटर, कंपनी कोणतीही असो. सीलवरही अशीच तीन मापं छापलेली असतात, ती सांगितली की बेअरिंगच्या दुकानात वस्तू लगेच मिळते.

दोन्ही ब्रेकचं फ्री प्ले (ब्रेक धरण्याआधीची पेडलची मोकळी चाल) सारखं करा आणि दोन पेडल जोडणारी कडी जागेवर आहे का बघा. ती नसेल तर रस्त्यावर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर उलटतो. जुने ब्रेक लायनर साफ करताना हवेने धूळ उडवू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

पीटीओ आणि लिफ्ट

पीटीओच्या शाफ्टखाली ऑइलचा ओघळ असेल तर सील गेलंय, आणि शाफ्ट हाताने वर-खाली हलत असेल तर बेअरिंगही. शाफ्टचं कव्हर आणि ब्लोअरच्या जॉइंटवरचं प्लास्टिकचं नळकांडं बहुतेक ठिकाणी काढून टाकलेलं असतं. ते आधी बसवा. ५४० फेऱ्यांना म्हणजे सेकंदाला नऊ वेळा शाफ्ट फिरतो. उपरण्याचं, साडीच्या पदराचं किंवा रेनकोटच्या नाडीचं टोक सापडलं तर हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. रंग, लाइट, नवी सीट हे सगळं या कव्हरनंतर.

लिफ्टला वजन लावून वर घ्या आणि इंजिन बंद करा. हळूहळू उतरली तर चालवून घेता येतं. दणकन आली किंवा चालू इंजिनवर सारखी उचक्या देत असेल तर आतले सील गेलेत.

गंज आणि रंग

गंज तारेच्या ब्रशने, ग्राइंडरवर कप ब्रश लावून काढा, चष्मा लावा. ज्या पत्र्याला मोरचुदाने खाल्लंय तो साबणपाण्याने पुन्हा धुवा, पूर्ण सुकवा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर मारा. पावसाळ्यात उघडा पत्रा रात्रभर राहिला की सकाळी पुन्हा तांबूस दिसतो. मडगार्डच्या आतल्या बाजूला दोन हात जास्त द्या, कारण औषध तिथेच बसतं. बाहेरची चकाकी ऐच्छिक आहे, पहिल्याच फवारणीत ती जाणार.

सगळे ग्रीस निप्पल ग्रीसगनने भरून घ्या, जुनं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत. पहिले आठ-दहा तास हलकं काम द्या, रिकामी ट्रॉली किंवा गवत कापणं, रोटाव्हेटर लावू नका. त्यानंतर चाकांचे नट, सेल्फचे आणि अल्टरनेटरचे बोल्ट, होजच्या क्लिप सगळ्या एकदा आवळा. पंचवीस-तीस तासांनी इंजिन ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला, कारण आत सुटलेला गंज आणि गाळ पहिल्याच ऑइलमध्ये उतरतो. काढलेलं ऑइल बांधावर ओतू नका, डब्यात भरून ठेवा, जुनं ऑइल गोळा करणारा येतो त्याला द्या. हे सगळं उन्हाळ्यात उरकलं तर छाटणीआधी ब्लोअर जोडून नुसतं पाणी भरून दोन-चार ओळी मारून बघता येतात. तेव्हा रेडिएटरच्या काट्यावर लक्ष ठेवा.